लाभ, दोन, तीन

मापाडी मोजताना एक म्हणत नाही.
पहिल्या मापाला लाभ म्हणतो. मग दोन, मग तीन.
हरिपुरात बापानं असंच मोजलं, मीही तसंच.
धुक्यातनं फौज वर आली त्या पहाटेसुद्धा
मी सतराव्या मापावर होतो.

कृष्णेला वारणा मिळते तिथून आले,
आठ हजार, ओल्या पायांचे.
घाटावरचा पिंपळ त्यांच्या छातीतनं आरपार दिसायचा.
त्यांना भाकरी लागत नव्हती, घोड्यांना वैरण नको.
गाव म्हणालं, स्वस्तात सुटलो.

मग कळलं, हळद लागते.
दर अमावास्येला माणशी पावशेर, अंगाला चोळायला,
नाहीतर शिपाई विरतो:
आधी बोटं, मग हुकूम देणारा ओठ.
आठ हजार पावशेर म्हणजे पन्नास मण.
घोडी वेगळी.

लुटलं नाही हो त्यांनी.
लुटलं असतं तर एका रात्रीत हिशेब मिटला असता.
त्यांचा बक्षी सौद्याला बसायला शिकला,
रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगायला.
हात गार, पेवातल्या मातीसारखा.
मग त्यांनी शिशाचं नाणं पाडलं
आणि दवंडी दिली: पट्टी ह्याच नाण्यात भरायची.
नाणं कुणाकडं? शिपायाकडं.
शिपाई ते कशाला देणार? हळदीला.

पानवाल्या सुगलाबाईनं
एका नाण्याला चुन्याचं बोट पुसलं.
महिन्याभरात तेच नाणं पाचदा तिच्या गल्ल्यात आलं,
पाचदा चावडीत गेलं.
"नाणं आहे तिथंच आहे," ती म्हणाली,
"पेवं तेवढी रिकामी व्हायलीत."

तिसऱ्या साली गड्डे कुजले. भाव चढला.
बक्षीकडं शिसंसुद्धा संपलं,
तेव्हा नेमगोंडा आवट्यांनी त्याला उधारीवर माल दिला,
शेकडा दोन व्याजानं.
त्यांचं बघून पेठेनं दिला.
कुणी बायकोच्या बिलवरावर, कुणी पोराच्या नावावर.

अंकलीची पोरं रात्री नावेतनं आली.
म्हणाली, एकच अमावास्या पेवं झाका.
तलवार नको, दारू नको,
सकाळी घाटावर नुसती ओल राहील.
एवढी स्वस्त लढाई कुणी ऐकली नव्हती.

नेमगोंडांनी चष्मा पुसला.
"फौज विरली, तर येणं कुणाकडनं वसूल करायचं?"

कुणी खाकरलं. कुणी कंदिलाची वात उगाच खाली केली.
वहीत तेवीस नावं होती आणि तेवीसही जण तिथंच बसले होते.
सुगलाबाई दारातनं म्हणाली,
"म्हणजे आता त्यांची राखण आपण करायची."
तिला कुणी आत बोलावलं नाही.

आज शेवटचं पेव.
पेव उघडलं की आधी दिवा सोडतात.
आत वारा कोंडलेला असतो, माणूस पायरीवरच मरतो.
दिवा विझला, तर त्या दिवशी कुणी उतरत नाही.
तोंड एका माणसापुरतं,
आत फक्त मापाड्याचं डोकं जातं.

मागं शिपाई उभे, त्यांच्या मागं पेठ, काखेत वह्या.
बक्षी माझ्या शेजारी गुडघ्यावर.
सवयीनं त्यानं रुमालाखाली हात दिला
आणि भाव न सांगता नुसता धरून ठेवला.
तीन बोटं होती. सकाळी चार होती.
त्याला घर असेल का, हे मी
तीन वर्षांत विचारलं नव्हतं.

दोरी सोडली. एक पुरुष. दोन पुरुष.
खाली दिव्याच्या उजेडात हळद,
काठोकाठ, माझ्या बापानं मोजून भरलेली.
ज्योत हलतसुद्धा नव्हती.

डोकं बाहेर काढलं.
"विझला," मी म्हणालो.

आणि रुमालाखालचा हात तसाच धरून
मनात मोजायला लागलो,
एकपासून.