चार बोटं

लक्ष्मण लक्षणेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं
आणि बाबांची दाढी माझ्याकडे आली.

पहिल्याच मंगळवारी कानाच्या पाळीखाली
बारीक लाल रेघ.
मी घाबरून तुरटीचा खडा ओला केला,
लक्ष्मण फिरवायचा तसाच फिरवला, हनुवटीपासून वर.
बाबांची डावी भुवई चढली.
उजवा गाल गप्प होता, तो गेल्या पोळ्यापासून गप्पच आहे.
शब्द तर त्याच्याही आधी, दवाखान्याच्या वाटेवर,
वडनेरच्या फाट्याशी कुठेतरी सांडले.

ऊन एवढं की सकाळी आठलाच पत्रा कडाडतो,
त्यात म्हाताऱ्या कातडीवर तुरटी.
संध्याकाळी गालावर पांढरी पपडी,
आटलेल्या तळ्यासारखी.

मेडिकलवाल्या प्रफुल डेकाटेनं
तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या.
हिरवी : "थंडगार लागते ताई, पन आधी झोंबते."
गुलाबपाणी : "वास हाय. बाकी पानी."
तिसरी तपकिरी, झाकणावर धूळ.
कुण्या मॅडमनं नागपुरातून मागवायला लावली
आणि बदली होऊन निघून गेल्या.
"विच हेझल. झाडाच्या सालीचा अर्क हाय म्हनते.
विच म्हनजे चेटकीन बरं का," आणि हसला.

मी हसले नाही. मोबाईलच्या उजेडात
मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत राहिले,
कारण त्यानंच सांगितलं होतं,
याच्यात दोन जाती येतात,
एकीत स्पिरिट, एकीत नाही.
हिच्यात नव्हतं.
तीनशे पंच्याऐंशी.
अंगणवाडीच्या मानधनातून किती दिवस जातात
हे मी तोंडपाठ काढलं आणि तरी म्हटलं,
"तिन्ही दे. दोन वापस आनीन."
"उघडल्यावर?"
"थेंबच घेईन रे."

आई दारातच अडली.
"चेटकिनीचं पानी? मानसाच्या तोंडाले?
काऊन, तुरटीनं का घोडं मारलं?"

तीस वर्षं बाबा जिनिंगच्या काट्यावर बसले.
गाडी आली की आधी पोत्यात हात घालायचे,
अंगठा आणि दोन बोटं, डोळे मिटून,
आणि मग निकाल : "ओला हाय. चार किलो कापा."
भांडायचे लोक, शिव्या द्यायचे,
मग यंत्र आलं ओल मोजायचं,
तेही बहुतेक चारच म्हणायचं.

म्हणून मी गालाला लावण्याआधी
त्यांच्या डाव्या मनगटावर थेंब टाकला.
हिरवीचा पडला आणि हात मागे गेला.
गुलाबपाण्याला त्यांनी नाक वळवलं,
लग्नातल्या मांडवाशी त्यांचं कधी जमलं नाही.
तपकिरीचा थेंब टाकला तेव्हा वास आला,
दवानं भिजलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाचा,
सकाळी चुलीसाठी ओढताना येतो ना, तोच.

मी डावा हात तोंडाशी नेऊन दिला.
ते हुंगत राहिले.
मग अंगठा दोन बोटांवर फिरला,
एकदा, पुन्हा एकदा, सावकाश,
डोळे मिटले,
आणि हात वर झाला.
चार बोटं.

मला समजायला वेळ लागला.
समजलं तेव्हा साबणाच्या फेसासकट
मी जमिनीवर बसून हसले,
आई धावत आली, काय झालं, काय झालं.
"ओली हाय म्हनतात. चार किलो कापा म्हनतात."
आईनं पदर तोंडाला लावला,
आणि बाबांच्या डाव्या ओठानं
आपल्या वाट्याचं अर्धं हसून घेतलं.

गुलाबपाणी परत गेलं. हिरवी प्रफुलनं घेतली नाही,
ती फडताळावर, पाहुण्यांना दिसेल अशी.

लक्ष्मण आला काळा चष्मा लावून,
बाटली हुंगली, आपल्याच गालावर चोळली,
"नरम हाय हो चेटकीन," म्हणाला,
आणि तरी सवयीनं खिशातून तुरटी काढली.
बाबांनी त्याचा हात धरला. डाव्या हातानं, पण घट्ट.

दाढी आठवड्यातून दोनदा.
त्या हिशोबानं बाटली दिवाळीपर्यंत पुरायला हवी.
पण पाणी भराभर खाली चाललंय.
काल आई पोळ्या लाटत होती,
तिच्या फुटलेल्या बोटांजवळून गेले
तर भिजलेल्या पऱ्हाटीचा वास.
मी काही बोलले नाही.
तीही नाही.