देठ ठेवून

भोपळा तोडताना चार बोटं देठ ठेवायचा.
देठ मोडला की तिथूनच पाणी धरतो, मग महिनाभरही टिकत नाही.
हे मला सासूनं नाही, निलव्वानं सांगितलं,
कुंपणापलीकडून, हातात विळा तसाच धरून,
निम्मं कन्नडात, निम्मं माझ्या भाषेत
आणि मध्ये उरलं ते हातवाऱ्यांत.

घटाच्या तिसऱ्या माळेला बटाटे काढले.
परड्यातल्या सहा सऱ्या, घरापुरत्याच.
लुमाण्णा कुदळ घेऊन पुढे, मी बुट्टी घेऊन मागे.
वर पाला केव्हाच पिवळा पडून झोपलेला,
खाली एकेका बुडाला आठ-आठ, दहा-दहा,
कडोलीची माती अंगाला घट्ट लावून बसलेले.
कुदळ लागलेले आजच्या भाजीला.
गोटीएवढे बारके मिठात उकडायला,
पण ते खाणारा हुबळीच्या हॉस्टेलात.
हिरवे पडलेले म्हशीलाही नाहीत.

उरलेले धुवायचे नाहीत.
लग्नाच्या पहिल्या वर्षी मी धुतले होते,
पितळी तांब्यासारखे घासून, चमकवून,
आणि कार्तिकात घरभर वास सुटला.
लुमाण्णा काही बोलला नाही.
पोतं उचलून उकिरड्यावर ओतून आला,
संध्याकाळी दोन किलो विकत आणले,
चुलीजवळ ठेवले.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता माळ्याखालच्या अंधारात वाळू,
वाळूवर निरगुडीचा पाला, पाल्यावर बटाटे, परत पाला.
कांद्याला त्या खोलीत पाय ठेवू देत नाही.
आठ दिवसांनी एकदा हात घालून चाचपायचं,
दिवा न लावता,
झोपलेल्या पोराचा ताप बघतात तसं.

भोपळे अकरा धरले.
चार वेलाच्या हट्टानं निलव्वाकडे जाऊन पडले.
ज्याच्या मातीत टेकला त्याचा, असं तिचंच म्हणणं,
तरी दोन तिनं परत आणून दिले.
यावर कुणी मोर्चा काढला नाही.

पत्र्यावर दहा दिवस ऊन दाखवलं,
रोज कूस बदलून.
नखानं दाबून बघायचं. नख रुतलं नाही की झालं.
सातव्या दिवशी सगळ्यात मोठा उलटा केला
तर पोटावर अक्षरं.
खिळ्यानं कोरलेली असणार,
गणपतीच्या सुट्टीत, भोपळा मुठीएवढा असताना.
फळ फुगत गेलं तशी अक्षरंही फुगली,
जखम भरून पांढरी, खरबरीत, बोटाला लागणारी.
गोल गोल. कन्नड.
चौथीनंतर वैजूला त्या शाळेत घातला तेव्हापासून
त्याच्या वह्या मी फक्त पुसून ठेवते.

निलव्वा तिसरी पास. पत्र्याखाली उभी राहिली,
डोळ्यांवर हात धरला, ओठ हलवले.
"ब…"
मला वाटलं, बाबा लिहिलं असेल.
"टा…"
मग तीच थांबली.
"बटाटा!"
पदर तोंडाला लावून खाली बसली,
"अय्यो, कुंबळकाईवर आलूगड्डी!"
आणि कितीतरी वेळ
आम्ही दोघी त्या पत्र्याखाली
काही कारण नसल्यासारख्या हसत होतो.
लुमाण्णा बघून गेला, काय झालं विचारलं नाही.

शिंकाळ्यात घालून आढ्याला टांगले, एकमेकांना न टेकता.
मार्गशीर्षात एक फोडला, घारग्यांना.
पौषात दोन. एक नणंदेला दिला.
बिया राखेत घोळून डब्यात ठेवल्या, डब्यावर काही लिहिलं नाही.
प्रत्येक वेळी हात आधी मोठ्याकडे जायचा
आणि शेजारचा उतरवायचा.

फाल्गुनात वाळू रिकामी झाली.
शेवटच्या पाचांना मोड आले होते,
ते कापून, डोळे वर करून, परड्यात पुरले,
उगवले तर उगवले.

काल वैजूचा फोन.
वॉर्डनच्या मोबाईलवरून, घाईघाईनं.
शिमग्याला येतो म्हणाला. मग,
"आये, बटाटे हाईत काय गं शिल्लक?"

मी वर बघितलं.
एक हाय की, म्हटलं.
नऊ किलोचा.
देठ ठेवलाय.