तिसऱ्याचा आखूड हात

वंशावळीत पुरुष म्हणजे चौकोन,
बाई म्हणजे वर्तुळ,
आणि जो गेला त्याच्यावर एक तिरकी रेघ.
न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, डल्सीच्या स्वयंपाकघरात,
मेणकापडावर मी कागद पसरला.
तिने आधी पावाचा चुरा झटकला,
मग म्हणाली, माझा नवरा यात कुठला?

एफ्रम. एकोणचाळीस. जाळं ओढताना.
त्याचा भाऊ ॲम्ब्रोज, चौतीस,
चर्चच्या पायरीवर बुटांचा बर्फ झाडताना.
त्यांचा बाप कुठे कोसळला कुणी पाहिलं नाही,
होडी तेवढी परत आली.
माझी पेन्सिल रेघा ओढत राहिली.

"आमच्यात पुरुष टिकत नाहीत,"
ती म्हणाली,
यंदा कॉडला मीठ कमी पडलं
असं सांगावं तशी.

मी रक्त घेतलं. तिचं, दोन मुलग्यांचं, लेकीचं.
नणंद तोंड फिरवून
खिडकीतल्या हिमनगाकडे बघत बसली.
नळ्या बर्फात ठेवल्या.
बर्फाची तिथे वानवा नव्हती.

मग दोन वर्षं, सेंट जॉन्सच्या प्रयोगशाळेत,
तेवीस जोड्या चाळणं.
जी खूण आजाऱ्यांच्या संगतीने चालते
आणि धडधाकटांची साथ सोडते
ती चोराच्या शेजारीच राहत असणार,
एवढाच आमचा तर्क.
सहाव्या गुणसूत्रावर वाटलं, सापडला. नव्हता.
नोव्हेंबरात एका रात्री फिल्मवरचे काळे पट्टे
मुकाट ओळीत उभे राहिले:
तिसरं गुणसूत्र, आखूड हात, टोकाकडे.
पत्ता लागला, आम्ही ओरडलो.
घर नव्हे अजून, नुसती गल्ली.

घराचं दार सापडेतो आणखी वर्षं गेली.
निकाल घेऊन मी गेलो तेव्हा
डल्सीने दोन्ही मुलग्यांना समोर बसवलं होतं,
अंगावर रविवारचे शर्ट.
गार्लंड: नाही. सायलस: नाही.
तिने टेबलाची कड सोडली.
व्हर्ना मोरीपाशी बटाटे सोलत होती.
तिला कुणी बसायला सांगितलंच नव्हतं.
इतकी वर्षं चौकोन मोजताना
वर्तुळावर कुणाचंच बोट थांबलं नव्हतं.
माझंही नाही.

ती हात पुसत आली. पेन्सिल मागितली.
आपलं वर्तुळ स्वतःच भरलं,
अर्धं, कडेच्या बाहेर न जाता,
शाळेत नकाशा रंगवावा तसं.
रेघेची जागा बोटाने चाचपली.
"इथे नाही ना काही?"
नाही, मी म्हणालो.
"मग छातीत ते यंत्र बसवायला
बुधवारची फेरी मिळेल का?"

डल्सी उठली आणि
उरलेले बटाटे सोलू लागली.
साली फार जाड निघत होत्या.