हिशोबात न आलेले

उणे एकतीस. इर्तिश नदीवरून वाफ निघत होती
आणि एफुआ डार्क्वा गेटाशी उभी, उसन्या कोटात,
बाह्या बोटांच्याही पुढे चार अंगुळं.
व्हिएन्नाहून आलेली, मूळची घानाची.
मी कुलयाश. तेवीस वर्षं इथला काटा माझ्या ताब्यात.

आमच्या गोळ्या करंगळीच्या पेराएवढ्या, काळ्या.
ट्रे हलला की लहानपणच्या खेळासारख्या वाजतात,
मेंढीच्या घोट्याची हाडं मुठीत घेऊन
खुळखुळवायचो आम्ही, तशा.

बाईनं आधी काट्याचीच परीक्षा घेतली.
स्वतःचं वजन मखमली पेटीतून चिमट्यानं काढलं,
ठेवलं, श्वास धरला.
आकडा थरथरला, थांबला.
तेवीस वर्षांत माझ्या काट्याकडे
इतक्या अदबीनं कुणी पाहिलं नव्हतं.

मग ड्रम. दोनशे सतरा उघडा. तीनशे नऊ उघडा.
जुनं सील तार कापून पिशवीत.
त्याच्या पोटात म्हणे कुणी ओरखडे काढून ठेवलेत,
दर सीलाचे निराळे, आणि त्यांचे फोटो तिकडे.

हातमोज्यांवर हातमोजे चढवून
तळहाताएवढ्या सुती फडक्यानं
तिनं खिडकीची चौकट पुसली, मग दाराची कडी.
आम्ही सकाळीच पुसलंय, मी म्हटलं.
दुभाषा हसला. ती नाही.
पुसल्यावरही उरतं, म्हणाली.

ते वाक्य रात्री माझ्याबरोबर घरी आलं.
आई पलीकडच्या स्तेपमधली.
तिथे सुट्टीच्या सकाळी काचा थरथरायच्या.
सैनिक सांगायचे, बाहेर या, चरात पालथे पडा.
आई मान वर करून बघायची.
फार सुंदर दिसायचं, एवढंच सांगितलं तिनं.
त्या गावातल्या चौकटी
कुणी फडकं घेऊन पुसायला आलं नाही.

तिसऱ्या दिवशी बेरीज.
जमा, खर्च, शिल्लक,
पाइपच्या वळणात अडकलेलं अंदाजे,
आणि चौदा ग्रॅम कमी.
तीन अंगठ्यांचं वजन.
माझ्या घशाला कोरड. कुठे हातचा विसरला का बघितलं,
गाळण्या उघडायला लावल्या, केरसुद्धा जोखला.
नऊ सापडले.
पाच नाहीत.

एफुआनं रकाना भरला.
मर्यादेत आहे, दुभाष्यानं सांगितलं, एवढं इकडेतिकडे चालतं.
दोनदा सांगितलं, कारण मी हललेच नाही.
बाई मात्र माझ्याकडे बघत होती,
मघाशी काट्याकडे बघत होती तशी.

निघताना तिला दूध घालून चहा दिला, तळलेले बाउर्साक.
चार खाल्ले तिनं. मग बशीखाली शंभर तेंगेचं नाणं सरकवलं:
नियम आहे, भेट घेता येत नाही.
मी परत दिलं, तिनं परत ठेवलं,
मी कोटाच्या खिशात घातलं, तिनं काढलं.
बाहेर गाडीचं इंजिन गोठायला आलं होतं.

नाणं अजून खणात आहे.
काल पाळी संपल्यावर, कुणी नसताना, जोखलं:
सहा पूर्णांक सदुसष्ट.
वही उघडली, तारीख घातली.
पुढे कुठल्या रकान्यात लिहायचं, सुचेना.