हा मी, याझेप

पोलत्स्कची लिनन गिरणी बंद पडली
तेव्हा तिची हजेरीबुकं संग्रहालयात आली,
आणि त्यांच्या मागोमाग मी,
गिरणीचा संगणक दुसऱ्या कुणाला कळत नव्हता म्हणून.

यादविगा खिडकीकडे पाठ करून बसायची,
कामगारांची नावं टाइप करायची, सगळी मोठ्या लिपीत.
माझा प्रोग्रॅम एकेक अक्षर उचलून फाइलीत ठेवायचा.
तीन वर्षं. कुरकुर नाही.

मग एका कपाटातून पत्रं निघाली.
पहिलंच पेन्सिलीनं, बारीक लिपीत:
"हा मी, याझेप. पोचलो. इथे बर्फ आहे."
तिनं ओळ टाइप केली, एंटर दाबलं,
आणि प्रोग्रॅम भर पंगतीतून उठून गेला.
फाइलीत एवढंच: "हा"

"तुझ्या यंत्राला 'मी' पचत नाही," यादविगा म्हणाली.

आमच्याकडे 'मी' म्हणजे एकच अक्षर,
वर्णमालेतलं अगदी शेवटचं.
शाळेत बाई दटावायच्या: मी मी करू नकोस, कास्तुस,
ते रांगेत सगळ्यांच्या मागे उभं असतं.

रात्री सापडलं.
बारीक 'मी'चा नंबर दोनशे पंचावन्न:
आठही दिवे पेटलेले.
आणि मजकूर संपला की उत्तर येतं उणे एक.
माझ्या चिंचोळ्या डबीत ते कोंबलं
की त्याचेही आठही दिवे पेटतात.
मी दोघांना एकाच डबीत घातलं होतं.

एक शब्द बदलला. डबी मोठी झाली.
शेवट हे अक्षर नव्हेच,
त्याला सगळ्या अक्षरांच्या बाहेर
थोडी जागा लागते.

सकाळी यादविगानं विचारलं,
"मी चहाला गेले तर त्याला वाटेल का, संपलं?"
नाही. गप्प बसणं म्हणजे संपणं नाही.
ते ताटकळत राहील, महिनाभरसुद्धा.
"मग सांगायचं कसं?"
रिकाम्या ओळीवर ये. कंट्रोल धर, डी दाब.
ते ओंजळ पुढे करतं,
या वेळी ओंजळीत काहीच पडत नाही,
त्यावरून ओळखतं.
"आणि ओळ अर्धी असताना दाबलं तर?"
तर जेवढं आहे तेवढंच त्याच्याकडे जातं,
आणि ते पुन्हा हात पसरतं.

तिनं मान हलवली. याझेपचं पत्र पुन्हा घेतलं.
बर्फ, ओंडके, कुणाकडून उसने घेतलेले बूट,
आणि शेवटच्या पानावर एक वाक्य:
"आईला सांगा की"
पुढे कागद फाटलेला.

यादविगा बोटं उचलून बसून राहिली.
मग कोट घातला, दिवा मालवला,
द्विनाच्या पुलाकडे निघून गेली.

पडदा चालूच होता.
'की'च्या पुढे चौकोन लुकलुकत होता.
मी खुर्ची ओढली, डाव्या हातानं कंट्रोल धरलं.
एकदा दाबून भागणार नव्हतं, ओळ अर्धी होती.
दोनदा दाबावं लागलं असतं.

चौकीदारानं चाव्या वाजवल्या.
मी हात काढून घेतला.