दातात नको, नखात

क्रान्य गावात, चौथ्या मजल्यावर,
मिलोय्का पहिल्यांदा बटण दाबते
आणि चिपा जागच्या हलत नाहीत.
फीडरच निघतो फिरायला,
टेबलाच्या कडेकडेने, नाकासमोर,
सोल्डरच्या रिळाला वळसा घालून
खाली कोसळेपर्यंत.

ती हसत नाही.
उचलते. वाकलेली पट्टी
बोटांनी सरळ करू बघते. होत नाही.

प्लास्टिकच्या चार नळ्या, चारी वेगळ्या मापाच्या.
एकीत डाळिंबाच्या दाण्याएवढ्या चिपा, आठ पायांच्या,
दुसरीत रुंद, अठ्ठावीस पायांच्या, खेकड्यासारख्या.
मोठी कंपनी म्हणते : एका नळीला एक फीडर.
आणि एका फीडरला मिलोय्काचे तीन पगार.
म्हणून हे दोन स्क्रू, वाट रुंद-अरुंद करायला.
म्हणून ही काळी मूठ,
थरथर कमी-जास्त करायला.

थरथर म्हणजे तरी काय? उडी.
केसाच्या जाडीची, डोळ्याला न दिसणारी,
वर आणि पुढे, वर आणि पुढे.
तिरप्या पोलादी पट्ट्या चुंबक ओढतो नि सोडतो,
सेकंदाला पन्नास वेळा.
जास्त झाली तर चिप उताणी,
पाय वर, मेलेल्या झुरळागत.
कमी पडली तर
लग्नघरात रुसून बसलेला पाहुणा.
आणि यंत्राची नळी ठरल्या क्षणी वरून येते,
हवा ओढते,
रिकामी परत जाते.
कुठे गेली म्हणून विचारतसुद्धा नाही.

सुपात पाखडणं याहून वेगळं नसतं,
पण थांबायचं कधी ते मनगटाला कळतं.
लोखंडाला मनगट द्यायचं कसं,
एवढ्यातच गेले सात शनिवार.

आठव्या शनिवारी दारावर थाप.
खालच्या मजल्यावरच्या व्हिल्मा झुपान, वय एक्क्याऐंशी :
"माझ्या कपाटातले पेले वाजतायत."
मिलोय्का माफी मागते.
म्हातारी तिच्या खांद्यावरून आत बघते,
चष्मा बदलते, पुन्हा बघते.
"आमच्याकडे असला वाडगा होता, स्क्रूंचा.
टेलिफोनच्या कारखान्यात. एकतीस वर्षं
माझ्या डाव्या कोपराशी गुणगुणायचा."

न विचारता आत येते.
फीडरच्या कडेला बोटाचं टोक टेकवून
डोळे मिटते.
"तू बघत बसतेस, बघू नकोस."
मूठ खाली. आणखी खाली. मग किंचित, अगदी किंचित वर.
"दातात यायला नको. नखात आलं पाहिजे."

आणि चिपा चालू लागतात.
एकीमागे एक, तोंड पुढे,
मुकाट, जणू कधी अडल्याच नव्हत्या.

"आता जा खाली. वाजतात का बघून ये."

परक्या घरात, लाकडी कपाटासमोर
मिलोय्का श्वास धरून उभी राहते.
काच गप्प आहे.
पाच पेले.
सहाव्या जागी धुळीत एक स्वच्छ वाटोळं.

वर येऊन ती काही बोलत नाही.
मुठीशेजारी पांढऱ्या रंगाने रेघ ओढते.
पुढे आराखड्यात त्या रेघेला आकडा देता येत नाही,
दोनदा लिहून खोडते.

सोमवारच्या खरेदीच्या यादीत :
रबरी पाय, चार.
पोलादी पट्टी, अर्धा मीटर.
पेला, एक.