नि

भांडी बाजारात बोळाच्या तोंडाशी माझं दुकान.
आजोबांनी घंगाळं मठारली, वडिलांनी समया घडवल्या,
मी नावं कोरतो.
हंड्यावर "सप्रेम भेट", खाली तारीख;
ढालींवर, कपांवर कबड्डी, खो-खो, मल्लखांब.
नाशकातले निम्मे विजेते माझ्या छिन्नीखालून गेलेत
नि एकाचाही सामना मी पाहिलेला नाही.

शरणपूरच्या एस्तेर पगारे बाई आल्या
पिशवीतून चेंडू काढला:
लाल कातडी, लांबट, सोनाका द्राक्षाच्या मण्यासारखा.
भाचा जिलाँगला ट्रक चालवतो, त्यानं धाडलेला.
"ऑस्ट्रेलियातला फुटबॉल," म्हणाल्या,
"दीडशेहून जास्त वर्षांचा.
थंडीत क्रिकेटवाल्यांचे पाय आखडू नयेत
म्हणून सुरू झाला म्हणे.
लंबगोल मैदान, चार खांब, एका बाजूला अठरा जण."
अठरा? आमच्या घरी पंगतीला तेवढे जमत नाहीत.

मधल्या खांबांतून गेला, सहा.
बाजूच्या खांबांतून गेला
तरी वाया नाही, एक.
हे ऐकून मी हातोडी खाली ठेवली.
चाळीस वर्षांत चुकलेल्या ठोक्याला
मला कुणी एक गुण दिलेला नाही.

बाईंचे तीन संघ: सातपूर, दारणाकाठ, वडाळा गाव.
पदक एकच.
"तिकडं पंच मतं देतात. सर्वोत्तम नि नेक.
बंदी बसली, की कितीही उंच उडो,
त्याचं नाव बाद."
"बाई, रुपयाहून बोटभर मोठं पदक हे.
'सर्वोत्तम' मावेल, खाली नाव मावेल.
नेकीचं पुढल्या वर्षी बघू."
त्या हसल्या. मीही हसलो.

नाव कुणाचं, ते सगळ्यांना आधीच ठाऊक.
निवृत्ती बेंडकुळे, सातपूर.
पुढच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून
हवेतला चेंडू असा काढायचा
की खालचे गडी दहीहंडीच्या थरासारखे वर बघत राहायचे.
म्हणून अंतिम सामन्याच्या दिवशी,
निकालाची वाट न बघता,
मी दुसऱ्या ओळीवर छिन्नी लावली.
"नि" झाला. चहा आला.
फोन वाजला.

शेवटच्या पावात कोपर.
तौफिक मनियारच्या जबड्यावर, चेंडू लांब असताना.
तौफिक उठला, रक्त थुंकला,
कुणाला काही बोलला नाही,
फ्री किक मारली, ती बाजूच्या खांबांत गेली. एक.
वडाळा त्या एकानंच जिंकलं.

पितळेला खोडरबर नसतं.
घासून अक्षर जातं, पण पदक तिथं पातळ होतं,
बोटाला कळतं.
रात्री अकरापर्यंत मी तो "नि" बघत बसलो.
सराफ बाजाराची शटरं पडली,
घाटाकडून ओला वारा आला,
आणि एकदम माझंच मला हसू आलं.
वर "सर्वोत्तम" होतंच.
"नि"च्या पुढं कोरलं: नेक.
ओळ जरा तिरकी गेली. जाऊ दे.
तौफिकचं नाव पाठीमागे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

पंधरवड्यानं निवृत्ती दुकानात आला.
तौफिकनं त्याला पदक दाखवलं होतं.
उभाच राहिला. मग म्हणाला,
"काका, तो 'नि' माझा होता ना?"
खोटं बोलायला तोंड उघडलं,
पण समोर दोन ग्राहक, हातात तांब्या,
मी नुसती मान हलवली.
"राहू दे तिथंच," म्हणाला,
आणि तांब्यावर काय कोरायचं ते
त्या बाईंना माझ्याआधी विचारू लागला.

रविवारी मी पहिल्यांदा मैदानात गेलो.
निवृत्तीची बंदी अजून उठली नव्हती.
कंपाउंडर मामाचा पांढरा कोट घालून
तो खांबांमागे उभा,
दोन्ही हातांत निशाणं.
सातपूरचा चेंडू वळला, बाजूनं गेला.
त्यानं एक हात खाली ठेवला
आणि एकच निशाण
सगळ्या अंगानं हलवलं.